काठीचा बाक

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. अक्षर अनोळखी वाटलं तरी पाकीट परत करू नका. मीच आहे, तुमची वहिनी. उजव्या हाताला जरा लागलंय म्हणून डाव्याने लिहितेय. फार काही नाही.

तुमचा भाऊ गेला त्या दिवसानंतर आपण एकमेकींना लिहिलेलं नाही. तेव्हा तुम्ही दारातूनच बाबांना म्हणालात, "आता कुणाच्या हातात देणार दिवा?" आणि घरचं पाणीही न पिता निघून गेलात. पुढे तो काठ्या तापवायचा दिवा माझ्या हातात आला, हे कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार. त्याशिवाय तुमचं माझ्याशीही बोलणं थांबलं नसतं. त्यावर मी काही बोलत नाही. आज दुसऱ्याच कामासाठी लिहितेय.

बाबांना दिसेनासं झालंय.

एकदम नाही झालं. आधी सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडे आलं, मग गळाच्या काठ्यांवरच्या कड्या रेशमी दोऱ्याने बांधायचं आलं, मग रोगणाचा हात द्यायचं. "तुझे डोळे तरुण आहेत," असं म्हणायचे. मी पन्नाशीला टेकले, पण म्हटलं, असू देत. काठ्या सरळ करायचं काम मात्र त्यांनी सोडलं नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही लहानपणी खिडकीबाहेर उभं राहून सगळं बघितलंय: काठी दिव्यावर फिरवत राहायची, बांबू मऊ झाला की बाक असेल त्याच्या उलट्या अंगाला किंचित वाकवायची आणि थंड होईपर्यंत तशीच धरून बसायचं. मग खिडकीकडे धरून, एक डोळा मिटून, मुठीपासून शेंड्यापर्यंत नजर टाकायची.

गेल्या महिन्यात आपले पोस्टमास्तर त्यांची जुनी गळाची काठी न्यायला आले. बाबांनी नजर टाकली आणि म्हणाले, "सुतासारखी झालीय." पोस्टमास्तरांनी काठी उचलली, बघितली आणि हसले. "वा! आता कोपऱ्यापलीकडचा मासासुद्धा पकडता येईल." मग माझ्याकडे लक्ष गेलं आणि त्यांचं हसू विरलं. बाबाही हसत होते. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक खूष आहे.

चष्मेवाले घरी येऊन तपासून गेले. मला बाहेर जिन्यात नेऊन म्हणाले, "काच बदलून उपयोग नाही हो. काचेच्या मागचंच गेलंय."

बाबा दुपारी आडवे झाले की त्यांनी सरळ केलेल्या काठ्या मी पुन्हा सरळ करून ठेवायची. त्यांना कळत नसावं. कळतही असेल. संध्याकाळी ते प्रत्येक काठी हातात घेत, तिच्यावरून बोट फिरवत आणि खाली ठेवत.

तुम्हाला कळवावं असं वाटलं, एवढंच. माझं बरं चाललंय.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

ताई,

तुमचं उत्तर आलं. दोनच ओळी आहेत, पण आलं. "मला त्यांनी दिव्याच्या जवळ उभं राहू दिलं नाही. आता त्यांचा दिवा विझला तर मी काय करू?"

खरं आहे. मी तुमच्या जागी असते तर एवढंही लिहिलं नसतं.

पण एक ऐका. तुमचा भाऊ गेला तेव्हा कामाची रास पडली होती. तुम्हाला आठवत असेल, मी दवाखान्यात केसपेपर काढायला बसायचे. खिडकीतून हात येत, मी नाव विचारायचे, लिहायचे. ते काम मला आवडायचं. दिवसभर माणसं दिसायची. बाबांनी एक दिवस माझ्या हातात काठीचा शेंडा दिला आणि म्हणाले, "धर." मी धरला. त्यांना वाटलं, सून शिकतेय. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, मुलगा गेलाय, चार दिवस धरू. ते चार दिवस संपलेच नाहीत. दवाखान्यात माझ्या जागी दुसरी बाई आली.

तुम्हाला जन्मभर जे हवं होतं ते माझ्या पदरात पडलं, ताई, आणि मला ते कधीच नको होतं. मला बांबूचा वास आवडत नाही. रोगणाने डोकं चढतं. काठी थंड होईपर्यंत धरून बसायचं म्हणजे माझा जीव जातो. पण जमायला लागलं. जमायला लागलं की सुटका नसते.

हाताचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. दिवा लांब आहे असं समजून बाबांनी हात पुढे केला आणि त्याला धक्का लागला. दिव्यातलं स्पिरिट टेबलावर सांडलं आणि पेटलं. त्यांची बाही त्यात जाणार होती, म्हणून मी हातानेच ते टेबलावरून खाली लोटलं. तळवा भाजलाय. बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. मागच्या पत्रात "जरा लागलंय" लिहिलं, कारण तुम्ही म्हणाला असतात, "बघ, शेवटी घर जाळणारच होते." बाबांना सांगितलंय की उकळतं पाणी सांडलं.

तर आता आपल्या कारखान्याची अशी गत आहे: एकाला दिसत नाही आणि दुसरीला धरता येत नाही. नदीवरच्या क्लबच्या काठ्या भिंतीशी उभ्या आहेत. मोसम सुरू व्हायच्या आत द्यायच्या आहेत. सगळ्या जुन्या, चिरलेल्या बांबूच्या कामट्या चिकटवून केलेल्या. बहुतेक बाबांच्याच हातच्या. क्लबवाले गृहस्थ सभ्य आहेत. ते म्हणाले, "नाही जमलं तर सांगा, यंदापासून प्लास्टिकच्याच घेऊ." बाबा बाजूलाच बसले होते. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

चष्मेवाल्यांनी औषधाचं मलम आणून दिलं, त्याने आग कमी आहे.

वहिनी


८ मार्च

ताई,

तुम्ही विचारलंत, "हे चष्मेवाले कोण? दोन्ही पत्रांत येऊन गेले." तुमच्या डोळ्यांना चष्म्याची गरज नाही, हे खरं.

त्यांचं दुकान आपल्या गल्लीच्या टोकाला आहे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना मूल नाही. सुट्टीच्या दिवशी नदीवर गळ टाकून बसतात आणि रिकाम्या हाताने परत येतात. त्यांची काठी दुरुस्तीला आली तेव्हा मी विचारलं, "एवढ्या वर्षांत एकही मासा नाही?" म्हणाले, "मासा लागला तर उठावं लागतं."

गेल्या आठवड्यात माझ्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला म्हणून गेले होते. स्क्रू बसवता बसवता, वर न बघता, म्हणाले, "माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि एक मांजर आहे. मांजर कुणाशी बोलत नाही. मी बोलतो. तुम्ही विचार करून बघा."

मी म्हटलं, "कशाचा?"

म्हणाले, "तेच, लग्नाचा. मी नीट विचारलं नाही का?"

ताई, मी हसले आणि मग तिथेच त्या स्टुलावर बसून रडले. मी काही सोळा वर्षांची नाही, प्रेमबीम म्हणाल तर तसलं काही नाही. तुमच्या भावाला विसरलेय असंही समजू नका. पण मी दुकानात गेले की हे गृहस्थ "बसा" म्हणतात. आपल्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत मला जे जे ऐकू येतं त्यात "बसा" हा शब्द नाही. मी दमलेय. झोपून जाणारा शीण असतो ना, तसा हा नाही. सकाळी उठताना तो माझ्या आधी उठलेला असतो.

मी त्यांना उत्तर दिलेलं नाही. बाबांना अशा वेळी कुणाच्या भरवशावर सोडू? त्यांना चहा कपात ओतताना कप दिसत नाही, बोट आत घालून बघतात. आणि त्यांना घेऊन चष्मेवाल्यांच्या दोन खोल्यांत जाऊ म्हटलं तर बाबा माझं तोंड बघणार नाहीत. तसं आताही दिसत नाहीच म्हणा.

म्हणून आडपडदा न ठेवता विचारते. तुम्ही त्यांना न्याल का?

तुम्ही आता फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालात. लेक सासरी आहे. हे सगळं मी तुमच्या मावसबहिणीकडून काढून घेतलंय, तिच्यावर रागावू नका. "नाही" म्हणालात तरी मी समजून घेईन. पण "बघू" म्हणू नका. "बघू" ऐकून ऐकून माझी अर्धी उमर गेली.

वहिनी


२१ मार्च

ताई,

"ज्याने मला काठी हातात धरू दिली नाही, आता त्याच्या म्हातारपणाची काठी मी व्हायचं?"

हे वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंत आणि खाली रेघ मारलीत. रेघ इतकी जोरात की कागद फाटलाय. मी ते वाचत होते तेव्हा बाबा समोरच होते. म्हणाले, "थोरलीचं पत्र ना?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"पोस्टमन दार वाजवतो आणि तू धावतेस. आणि मग दोन दिवस मीठ जास्त पडतं."

तेव्हा मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. तुमची सगळी पत्रं. काही गाळलं नाही. त्या काठीच्या वाक्याशी मी थांबले, तर म्हणाले, "वाच." माझ्या हाताचंही सांगितलं आणि चष्मेवाल्यांचंही. एकदाच सांगून मोकळी झाले. ते टेबलावर हात फिरवत होते, जिथे लाकूड जळून काळं झालंय तिथे.

मी विचारलं, "बाबा, ताईंना का नाही शिकवलंत? त्या रोज खिडकीशी उभ्या असायच्या."

मला वाटलं होतं, काहीतरी मोठं कारण निघेल. निदान दिव्याने पोर भाजेल अशी भीती वगैरे. पण ते म्हणाले, "लोक म्हणाले असते, पोरीच्या कमाईवर बसलाय. धाकट्याला शिकवलं. त्याचा हात जड होता. रोज दिसत होतं मला. पण मुलगा होता ना."

मग म्हणाले, "तिला लिही, ये म्हणावं. क्लबच्या काठ्या आहेत. मी मध्ये बोलणार नाही."

ताई, ते माफी मागतील याची वाट बघू नका. त्या माणसाला तो शब्द माहीत नाही. "मी मध्ये बोलणार नाही" हेच त्यांचं लोटांगण आहे असं धरून चाला. तुमच्या भावाच्या आणि माझ्या हातावर ते कायम बोलत आले. "आच लागतेय, फिरव, फिरव, झोपलीस का?"

नेण्याचं नंतर बघू. बघा, मीही "बघू" म्हणाले. नुसत्या काठ्यांसाठी या.

वहिनी


१७ एप्रिल

ताई,

तुम्ही जाऊन आठवडा होत आला. पोहोचल्याचं कळलं. क्लबवाले परवा काठ्या घेऊन गेले. त्यांनी एकेक काठी खिडकीकडे धरून बघितली, आणि मग मला विचारलं, "हात बरा झाला वाटतं?" मी म्हटलं, "माझा नव्हे. यांच्या लेकीचा हात आहे." बाबा खुर्चीतून म्हणाले, "थोरली लेक." क्लबवाल्यांनी प्लास्टिकचा विषय काढला नाही.

तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. तुम्ही तिथेच होतात, पण तुमची बाबांकडे पाठ होती. मला त्यांचं तोंड दिसत होतं.

तुम्ही आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाते म्हणून निघाले आणि जिन्यात बसले. भांडण झालं तर मध्ये पडता यावं म्हणून. दार उघडंच होतं. तुम्ही दिवा लावलात. बाबा खुर्चीत, दोन्ही हात मांडीखाली दाबून. खरंच, मांडीखाली. एखाद्या पोराला शाळेत गप्प बसवावं तसे बसले होते. पहिली काठी तुम्ही फिरवायला लागलात आणि त्यांचे ओठ हलायला लागले. आवाज नाही. "फिरव, फिरव" असं नुसतं ओठांनी. तुम्ही मधेच म्हणालात, "काही म्हणालात?" ते म्हणाले, "छे."

मग तो शेंडा मोडला.

मलाही जिन्यात ऐकू आला तो आवाज. त्या काठीचा शेंडा म्हणजे काडीएवढा, त्यात जुना, आणि तुमचा पहिला दिवस. बांबू नीट मऊ व्हायच्या आत तुम्ही वाकवलात. तुम्ही तशाच उभ्या राहिलात, हातात दोन तुकडे घेऊन. तुमचे खांदे मला दिसत होते. मला वाटलं, संपलं. आता म्हातारा काहीतरी बोलणार, तुम्ही पिशवी उचलणार, आणि पुन्हा घरचं पाणी न पिता जाणार.

बाबांनी डोळे मिटले. ज्याला दिसत नाही तो डोळे मिटतो तेव्हा कसा दिसतो, ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांचं तोंड एकदम गोळा झालं, रडू आवरणाऱ्या माणसासारखं. आणि आवाज मात्र अगदी रोजचा काढला. म्हणाले, "दुसरी घे."

तुम्ही म्हणालात, "ही मोडली."

"ऐकलं मी. दुसरी घे. काड्या मोडल्याशिवाय कुणी शिकलं नाही. धाकट्याने तर क्लबचा अख्खा मोसम बुडवला होता."

"त्याला तुम्ही काय म्हणाला होतात?"

"त्याला मारलं होतं," बाबा म्हणाले. "म्हणून सांगतोय, दुसरी घे."

तुम्ही दुसरी घेतलीत. मी जिना उतरून खरोखर बाजारात गेले. काय आणलं ते आठवत नाही.

तुम्ही गेल्यापासून पोस्टमनची वेळ झाली की बाबा खुर्ची दाराकडे सरकवतात. विचारत काही नाहीत. काल मात्र म्हणाले, "त्या तिच्या गावी नदी आहे का?" मी म्हटलं, "तळं आहे, मोठं. लोक गळ टाकून बसतात म्हणे." "तळ्याच्या माशाला काठी मऊ लागते," ते म्हणाले, आणि मग त्यावर बराच वेळ बोलत बसले. तुमच्या गावाला जायचं, असं एकदाही म्हणाले नाहीत. पण कपाट उघडून कोणती सांडशी कुठे आहे ते हाताने चाचपत होते.

निर्णय तुमचा आहे. घाई नाही. म्हणजे, मला आहे. पण तुम्हाला नको.

वहिनी


२ जून

ताई,

तुमचं पत्र आणि बाबांचा निरोप दोन्ही मिळालं. "इथला चहा पातळ असतो" हा निरोप नाही, तक्रार आहे, पण पोहोचली.

तुम्ही त्यांना न्यायला आलात त्या दिवशी मी फार बोलले नाही. सामान बांधण्यात होते. दिवा, शिकंजा, रोगणाच्या बाटल्या, रेशमी दोऱ्याच्या रिळांची पेटी. बाबा म्हणाले होते, "जिथे दिवा तिथे मी," आणि त्यानंतर सगळं इतकं भराभर झालं की माझं मलाच कळेना. पोस्टमास्तर निरोपाला आले आणि म्हणाले, "काठ्या पार्सलने पाठवत जाईन. पोस्टाची सेवा कशी आहे ते मला माहीत आहे, तरी पाठवेन."

स्टँडवर तुम्ही तिकिटं काढायला गेलात तेव्हा बाबा आणि मी बाकावर बसलो होतो. त्यांनी माझा उजवा हात मागितला. तळव्यावरून बोट फिरवलं. कातडी अजून चकचकीत आहे, तिथे थांबले. मग म्हणाले, "तुला हे काम कधी आवडलं का गं?"

खोटं बोलायचं होतं. सवय आहे मला. पण म्हटलं, "नाही बाबा. कधीच नाही."

ते म्हणाले, "मग फारच चांगलं करत होतीस."

तेवढ्यात गाडी लागली. तुम्ही त्यांचा हात धरून पायरी चढवलीत, आणि मी खालून पिशव्या दिल्या. बाबा खिडकीशी बसले आणि दुसऱ्याच दिशेला बघून हात हलवत राहिले. मी त्या बाजूला जाऊन उभी राहिले.

लग्न चार माणसांत झालं. पोस्टमास्तर साक्षीदार होते. सही करताना त्यांनी पेन तीनदा झटकलं. मांजर अजून माझ्याशी बोलत नाही. हे बोलतात, खरंच बोलतात. कधी कधी वाटतं, मांजराचंच बरं. पण मी काही म्हणत नाही, ऐकते. कुणी आपल्याला उद्देशून बोलतंय, हे ऐकायला बरं वाटतं. दवाखान्यात माझ्या जागी आलेल्या बाईंना मूल होणार आहे. मला पुन्हा केसपेपरच्या खिडकीत बसायला बोलावलंय. पुढच्या महिन्यात जाईन.

तुम्ही विचारलंय, दोन शेंडे एका वेळी तापवता येतात का, आणि गोंद सुटायला लागला तर आच कधी काढायची. ताई, मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. शेजारच्या खुर्चीत बसलेत त्यांना विचारा. मध्ये बोलणार नाही असं ते म्हणाले होते, विचारल्यावर बोलणार नाही असं नव्हे. मला यापुढे काठ्यांबद्दल लिहू नका. बाबा जेवतात का, रात्री उठतात का, तुमची पाठ दुखते का, ते लिहा.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी जरा टेकले. जाग आली तेव्हा खिडकीत उजेड नव्हता, रस्त्यावरचे दिवे लागले होते. मला कुणी उठवलं नव्हतं. धडपडत उठून बसले, आता काय करपलं, कोण पडलं, कुणाला काय द्यायचं राहिलं, ते आठवायला लागले. काहीच राहिलं नव्हतं. हे दुकानातून यायचे होते.

मग मी पुन्हा आडवी झाले.

वहिनी